दोन तास शाळा, बाकीचं घर

ताई,

आम्ही बॉथेलला राहतो, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला. लेक पाच वर्षांची असताना सांगलीहून इकडे आलो. कोविडच्या वर्षी ती तिसरीत होती. पडद्यासमोरची शाळा तिला सोसेना, म्हणून मी तिला घरी शिकवायला घेतलं आणि मग तेच चालू राहिलं. मी गणितात एम.एस्सी. आहे. इथे माझ्याकडे कामाचा परवाना नव्हता. खरं सांगते, ही सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं आहेत.

आता ती पंधराची झाली. मागच्या आठवड्यात जेवताना तिनं माझ्यापुढे एक कागद ठेवला. घराजवळच्या सरकारी हायस्कूलचं विषयांचं पुस्तक तिनं वेबसाइटवर वाचून काढलं होतं आणि पुढच्या वर्षासाठी दोन विषय लिहिले होते: रसायनशास्त्र आणि ऑर्केस्ट्रा. (व्हायोलिन ती सात वर्षं शिकते आहे.) "आई, एवढ्या दोनच तासांना जाऊ?" मी "बघू" म्हणाले आणि रात्री खूप रडले.

नवरा म्हणतो, घालायची तर पूर्ण घाल, हे अर्धवट कशाला. सासूबाई रोज सकाळचा चहा घेताना सांगलीहून फोन करतात. त्यांचं पहिल्यापासून एकच: "पोरीला शेवटी १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणार तुम्ही." असं अर्धं जाता येतं का? एकदा शाळेत नाव घातलं की आमचं घरचं शिक्षण त्यांच्या हातात जाईल का? आणि माझं काय कमी पडलं?

– एक आई, बॉथेल

प्रिय मैत्रिणी,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं कायद्यात मिळतात आणि याचं मिळत नाही.

तो कागद पुन्हा हातात घ्या आणि त्यावर काय लिहिलेलं नाही ते बघा. तिनं इतिहास मागितलेला नाही. इंग्रजी नाही, गणित तर नाहीच. जे तिला घरात मिळतं त्यातलं एकही तिनं मागितलेलं नाही. दोनच गोष्टी मागितल्या आहेत, आणि त्या दोन्ही कितीही हुशार, कितीही कष्टाळू आई असली तरी एका घरात होऊ शकत नाहीत. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर व्हिनेगर आणि खायच्या सोड्याचे प्रयोग तुम्ही केलेच असतील. पण ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत, फ्लास्कमध्ये गुलाबी छटा उमटते आहे का ते श्वास रोखून बघायचं, शेजारच्या टेबलावरच्या मुलांचं उत्तर वेगळं आलं म्हणून सगळं पहिल्यापासून करायचं, त्याला प्रयोगशाळा लागते, वाफ ओढून घेणारं कपाट लागतं आणि चूक करणारा जोडीदारही लागतो. आणि ऑर्केस्ट्रा तर एकट्यानं वाजवताच येत नाही. सात वर्षं ती एका खोलीत एकटी वाजवते आहे. चाळीस जणांत बसून आपला आवाज दुसऱ्यांच्या आवाजात कसा मिसळतो, हे तिला ऐकायचं आहे.

पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्याला नेमकं काय हवं आहे हे कळतं, ते कुठे मिळेल हे ती शोधून काढते आणि भांडण न करता कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवते. असं मूल सहा वर्षांच्या कमी पडण्यातून तयार होत नाही. तुम्हाला रडू आलं याचं मला नवल वाटत नाही. माझा मुलगा असाच दोन विषयांपुरता शाळेत जायला लागला तेव्हा पहिल्या दिवशी त्याला सोडून मी गाडीत बराच वेळ बसून राहिले होते. पण त्या रडण्याचा अर्थ "मी हरले" असा लावू नका. तो अर्थ तिच्या कागदावर कुठेही नाही.

आता कायदा. तुम्ही वॉशिंग्टन राज्यात आहात, हे या बाबतीत मोठं सुदैव आहे. इथे १९८५ पासून घरच्या शिक्षणाला कायद्याची मान्यता आहे, आणि त्याखेरीज अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या कायदेसंहितेत (आरसीडब्ल्यू) वेगळं कलम आहे: आरसीडब्ल्यू २८ए.१५०.३५०. ज्या मुलाला त्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागात) पूर्ण वेळ प्रवेश मिळाला असता, त्याला अर्धवेळ प्रवेश दिलाच पाहिजे, असं ते सांगतं. घरी शिकणाऱ्या मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. खासगी शाळेतल्या मुलांना त्यांच्या शाळेत नसलेलाच विषय घेता येतो. घरी शिकणाऱ्यांना ती अटही नाही. आणि मूल जेवढा वेळ शाळेत असतं त्या प्रमाणात राज्य शाळेला पैसे देतं, म्हणजे तुमची लेक कुणाच्या उपकारावर तिथे बसणार नाही.

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मैत्रिणीनं "असं काही नसतं" म्हणून सांगितलं तर ती खोटं बोलत नाही. तिथे घरी शिकवणारे बहुतेक पालक कागदोपत्री स्वतःची छोटी खासगी शाळा चालवतात, दर ऑक्टोबरात तसं प्रतिज्ञापत्र भरतात, आणि सरकारी शाळेत एकदोन विषयांना बसण्याचा हक्क त्यांना नाही. शेजारच्या आयडाहोत आहे. या देशात शिक्षण राज्यागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्यांचे अनुभव ऐका, पण त्यावर निर्णय घेऊ नका.

"सगळं त्यांच्या हातात जाईल का" याचं उत्तर: नाही, फक्त सही करताना डोळे उघडे ठेवा. तुम्ही दर वर्षी १५ सप्टेंबरच्या आत डिस्ट्रिक्टकडे घरी शिकवण्याचा इरादा कळवणारा कागद देता, तो यापुढेही द्यायचा. वर्षातून एकदा मान्यताप्राप्त चाचणी किंवा प्रमाणित शिक्षकाकडून मूल्यमापन, तेही चालू ठेवायचं. त्याचे कागद आजवर जसे तुमच्याच कपाटात राहिले तसेच राहतील. दोन तासांच्या वर्गात शाळेचे नियम, बाकीच्या दिवसात तुमचे. गडबड एकाच ठिकाणी होते. अनेक डिस्ट्रिक्ट घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी पालकांच्या भागीदारीतले कार्यक्रम चालवतात आणि चौकशीला गेलं की प्रेमानं तिकडे पाठवतात. कार्यक्रम वाईट नसतात, काही फार सुंदर आहेत. पण कायद्याच्या नजरेत ती सरकारी शाळाच. तिथे पूर्ण वेळ नाव घातलं तर लेक घरी शिकणारी राहत नाही. लेखी अभ्यास-आराखडा, शिक्षकाशी दर आठवड्याचा संपर्क, सगळं लागू होतं. हा फरक समजला असं लिहून द्यायला सांगणारा कागद ते देतात. तो वाचा, नुसता भरून टाकू नका. तुम्हाला हवा आहे तो साधा अर्धवेळ प्रवेश, हे तोंडी आणि ईमेलनं दोन्ही वेळा सांगा.

कार्यालयात पहिलं उत्तर "आम्ही असं घेत नाही" हेच मिळण्याची शक्यता आहे. आम्हाला तेच मिळालं होतं. काउंटरवरच्या बाईंकडे असं मूल बहुधा कधी आलंच नव्हतं. मी तिथे वाद घातला नाही. घरी येऊन कलमाचा क्रमांक घालून शाळेतल्या काऊन्सेलरना (मुलांचे विषय आणि वेळापत्रक बघणाऱ्यांना) चार ओळींची ईमेल लिहिली आणि चौथ्या दिवशी फॉर्म आला. हक्क आहे म्हणून आवाज चढवायची गरज नसते, आणि त्याच बाईंकडे पुढची तीन वर्षं आपल्याला जायचं असतं.

तुमचं पत्र फेब्रुवारीत आलं हे बरं झालं. पुढच्या वर्षाचे विषय मुलं याच सुमाराला निवडतात, आणि सप्टेंबरात गेलात तर हक्क असूनही वर्ग भरलेला असू शकतो. जागा मिळताना तुमची लेक इतर मुलांच्या बरोबरीची आहे, त्यांच्या पुढे नाही. ऑर्केस्ट्राचे बहुधा दोन-तीन स्तर असतात आणि ऑडिशन वसंतातच उरकतात, म्हणून त्या शिक्षकांना काऊन्सेलरच्याही आधी गाठा. रसायनशास्त्रासाठी बीजगणित कुठवर झालं ते विचारतील. तिथे तिच्या वह्या आणि गेल्या वर्षीचं मूल्यमापन न्या. ते दाखवायची सक्ती नाही, पण दाखवलं तर काम सोपं होतं. पत्त्याचा पुरावा लागेल. लसीकरणाचा दाखलाही लागेल, आणि इथे सांगलीच्या डॉक्टरांची जुनी फाईल बाहेर काढावी लागणार आहे. त्यातल्या तारखा राज्याच्या फॉर्मवर चढवून इथल्या दवाखान्यातून तपासून घेण्यात दोन आठवडे सहज जातात. ते आत्ताच सुरू करा.

आता नवऱ्याचं म्हणणं. "अर्धवट" हा शब्द मला पटत नाही, पण त्यामागची काळजी खरी असू शकते, म्हणून त्यांना विचारा की नेमकं काय अवघड वाटतं. माझा अंदाज आहे, गाडी. शाळेची बस सकाळी नेते आणि दुपारी आणते. मधल्या तासाला सोडणं-आणणं तुमच्यावर. वेळापत्रक उन्हाळ्यात जुळवतात आणि तुमच्या हाती ऑगस्टच्या शेवटी पडतं. दोन तास लागोपाठ आले तर छान, नाहीतर पहिला आणि पाचवा आला की मधले तीन तास मुलगी करणार काय? लायब्ररीत बसू देतील का, कॅम्पसवर थांबू देतील का, हे आधी विचारून ठेवा. काही शाळा अर्धवेळ मुलांना तास नसताना आवारात थांबू देत नाहीत. दोन्ही विषय सलग, शक्यतो दिवसाच्या सुरुवातीला किंवा शेवटी, ही विनंती काऊन्सेलरकडे आत्ताच लेखी नोंदवा. मिळेलच असं नाही, पण न मागता नक्की मिळत नाही.

भारतात जाण्याचंही बघायला हवं. घरी शिकणाऱ्या कुटुंबांना एक चैन असते: फेब्रुवारीत तिकीट स्वस्त मिळालं की निघायचं, दीड महिना राहायचं, पुस्तकं बरोबर. ती आता संपेल. सलग २० शालेय दिवस गैरहजेरी झाली की शाळा नाव पटावरून काढते, आणि प्रयोगशाळेचे बुडलेले तास भरून काढणं त्याआधीच अशक्य होतं. ऑर्केस्ट्रात तर एक मूल गेलं की पूर्ण रांग अडते. सांगलीचा मुक्काम उन्हाळ्यात न्यावा लागेल. हे लेकीला आत्ताच सांगा. तिनं ही किंमत ऐकून हो म्हटलं पाहिजे.

पहिले दोन महिने अवघड जातील. अभ्यासात ती मागे पडणार नाही. शाळेच्या रीती मात्र तिला नव्या आहेत: पन्नास मिनिटांत संपणारी परीक्षा, रात्री ११:५९ ला बंद होणारी गृहपाठाची खिडकी, जोडीदारानं काम न केल्यामुळे दोघांनाही मिळालेले कमी गुण. घरी तुम्ही तिला समजेपर्यंत शिकवलंत. शाळेत समजो न समजो, शुक्रवारी धडा संपतो. पहिली बी मायनस आली की ती हादरेल आणि तुम्ही तिच्याहून जास्त. तेव्हा तिला घरी आणायची घाई करू नका. विषय सोडण्याची शेवटची तारीख कोणती आणि त्यानंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या वर्षांच्या गुणपत्रकावर) काय उमटतं हे आधी विचारून ठेवा, आणि निदान पहिलं सेमिस्टर पुरं होऊ द्या. शाळेचं यंत्र रोज संध्याकाळी फोन करून सांगेल की तुमची मुलगी बाकीच्या तासांना गैरहजर होती. आमच्याकडे तो फोन तीन आठवडे येत होता. हजेरीच्या बाईंना ईमेल केली की थांबतो.

मैत्रिणींचं मात्र जपून. दोन तासांसाठी येऊन निघून जाणारी मुलगी कुठल्याच घोळक्याची नसते, आणि हे सर्वात जास्त बोचतं जेवणाच्या सुट्टीत. रसायनशास्त्राच्या वर्गात ओळखी होतात, मैत्री क्वचित. पण ऑर्केस्ट्रात रोज त्याच खुर्चीवर, त्याच शेजारणीबरोबर एकाच स्टँडवरचे कागद वाचत मुलं वर्ष काढतात; सराव, ऑडिशन, संध्याकाळचे कार्यक्रम एकत्र करतात. तिनं हा विषय निवडला यात तिची समज दिसते. दोनांतला एकच मिळाला तर मी ऑर्केस्ट्रा घ्यायला सांगेन. रसायनशास्त्र पुढेही करता येईल, कारण अकरावीपासून तिला राज्याच्या रनिंग स्टार्ट योजनेत कम्युनिटी कॉलेजात बसता येतं. कॅस्केडिया कॉलेज तुमच्या बॉथेलमध्येच आहे. शिकवणी शुल्क नाही, पुस्तकं आणि किरकोळ फी आपली. पात्रतेचा कागद त्यासाठीही शाळेतूनच घ्यावा लागतो, म्हणजे यंदाची काऊन्सेलरशी झालेली ओळख पुढच्या वर्षी कामाला येईल.

आणि सासूबाई. त्यांच्या बोलण्यावर चिडू नका. महाराष्ट्रात शाळा सुटलेल्या मुलाला दहावीला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचाच फॉर्म भरावा लागतो, आणि नापास झालेली, कामाला लागलेली, लग्न ठरलेली मुलं तो भरायची, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेबाहेरच्या मुलीचं तेवढंच चित्र आहे. त्यांची भीती नातीवरच्या मायेतूनच येते. त्यांना सांगा की इथे दहावीची बोर्डाची परीक्षाच नसते. घरी शिकलेल्या मुलीला आईनं दिलेला हायस्कूल पुरं केल्याचा डिप्लोमा आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठं स्वीकारतात. शाळेचा स्वतःचा डिप्लोमा हवा असेल तर मात्र २४ क्रेडिटं (पुऱ्या केलेल्या विषयांची एककं) लागतात, घरी केलेला अभ्यास त्यात धरायचा की नाही हे शाळा ठरवते, आणि दोन विषयांनी तो मिळत नाही. त्याची अपेक्षा आता ठेवायचीच नाही, असं मी तुमच्या जागी ठरवलं असतं.

पण त्या दोन विषयांचा अर्ज करताना चांगला उपयोग होतो. आईनं दिलेल्या ए-शेजारी परक्या शिक्षकानं दिलेला ए दिसला की आईच्या गुणांवरही विश्वास बसतो. प्रयोगशाळेतलं विज्ञान केल्याची नोंद मिळते. शिवाय अनेक विद्यापीठं शिक्षकांचं शिफारसपत्र मागतात, ते आईला लिहिता येत नाही. वर्षभर तिला काम करताना पाहिलेला रसायनशास्त्राचा शिक्षक ते लिहू शकतो. (जाता जाता: या राज्यात परभाषेचं क्रेडिट परीक्षा देऊनही मिळवता येतं. काऊन्सेलरकडे गेलातच तर मराठीसाठी ते कसं करायचं हे विचारायला विसरू नका. घरी मराठी बोलत वाढलेल्या मुलीनं हे सोडून देऊ नये.)

आता या आठवड्याचं काम. काऊन्सेलरना ईमेल तुम्ही लिहा, त्यात कायद्याचा क्रमांक असतो आणि सही पालकाची लागते. ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांना मात्र लेकीलाच लिहू द्या: मी अमुक, सात वर्षं व्हायोलिन वाजवते, घरी शिकते, ऑडिशन कधी असते? इंग्रजी तपासायचा मोह होईल, तो आवरा. उत्तर आलं की तिच्याबरोबर जा आणि ऑडिशनच्या खोलीबाहेर बसा.

शरदातल्या पहिल्या कार्यक्रमाला मुलांना बहुधा पायघोळ काळे कपडे लागतात. ते ऑगस्टमध्येच बघून ठेवा, नंतर तिच्या मापाचे मिळत नाहीत. हे कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी सातला सुरू होतात. घड्याळं मागे जायच्या आधी तो कार्यक्रम असेल तर तेव्हा सांगलीत सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि सासूबाईंचा चहा चालू असतो. त्या दिवशी फोन तुम्ही लावा, आणि कॅमेरा दुसऱ्या रांगेकडे धरा.